मंडळीच्या वहीतलं लग्न

लोर्नाबाईंनी कागद माझ्यापुढे सरकवला आणि त्या कॉफी गरम करायला उठल्या. मी तो एकटीनं वाचावा म्हणूनच उठल्या असाव्यात.

इंग्रजी मला यायचं ते जेमतेम. इथे कॅनडात, एलमर गावातल्या एका डॉक्टरांच्या घरी मी दीड वर्ष फरशी पुसत होते, तिथे डब्यांवरची नि औषधांच्या बाटल्यांवरची अक्षरं जुळवत शिकले. त्यामुळे ओळीखाली बोट धरून हळूहळू वाचत गेले. कागद आईच्या तोंडचा होता: मी, मार्गारेथा ब्यूकर्ट, कॅनडातल्या सस्कॅचवान प्रांतात जन्मले. इथवर ठीक होतं. पुढे लिहिलं होतं की माझा मुलगा हाइन्रिक याच्या जन्माच्या वेळी मी अविवाहित होते, कुठल्याही पुरुषाशी माझं लग्न झालेलं नव्हतं. आणि खाली माझ्या आईची सही. तिच्या जुन्या जर्मन वळणाची, एकेक अक्षर कुंपणाच्या खांबासारखं ताठ.

मी कागद पालथा घातला. माझ्या वडिलांना जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती. मेक्सिकोत, चिवावातल्या आमच्या वसाहतीत, त्यांची कबर आहे. अठ्ठावीस वर्षं आई रोज त्यांच्या शेजारी जेवायला बसली, जेवणाआधी आणि जेवणानंतर दोघांनी मिळून मान खाली घातली. ती अविवाहित होती?

लोर्नाबाई कॉफी घेऊन आल्या. त्याही आमच्यासारख्या मेनोनाइट ख्रिस्ती पंथाच्या, पण इकडच्या जुन्या घराण्यांतल्या. त्यांचे लोक कधी कॅनडा सोडून गेले नाहीत. आठवड्यातून दोन दिवस त्या चर्चच्या मागच्या खोलीत बसून मेक्सिकोहून आलेल्या आम्हा लोकांचे कागद करून देत. त्यांनी मला सगळं सावकाश समजावलं. कायदा असा होता की परदेशात जन्मलेल्या लेकराला कॅनडाचं नागरिकत्व मिळायचं ते बापाकडून. माझे वडील रशियात जन्मलेले, तेव्हा त्यांच्याकडून मिळण्यासारखं काही नव्हतं. आई कॅनडात जन्मलेली, पण आईकडून ते फक्त लग्नाशिवाय झालेल्या लेकरालाच मिळे.

आता मेक्सिकोत सरकार लग्न मानतं ते फक्त सरकारी कचेरीत नोंदवलेलं. आमच्यातले कितीतरी जण त्या कचेरीची पायरी कधी चढलेच नाहीत. चर्चच्या मंडळीसमोर हात हातात दिला, मंडळीच्या पाळकांनी आशीर्वाद दिला, मंडळीच्या वहीत दोन नावं एका ओळीत लिहिली की लग्न झालं. ते पुन्हा एका परक्या कारकुनाकडून लिहून घ्यायचं म्हणजे देवासमोर झालेलं अपुरं होतं असं म्हणायचं. माझ्या आईवडिलांनीही ते कधी केलं नाही. म्हणून कायद्याच्या लेखी आई अविवाहित होती, आणि तेवढ्यामुळेच आम्ही चारही भावंडं कॅनडाची होतो.

"हे खोटं नाही, नेटा," लोर्नाबाई म्हणाल्या. "सरकारच्या हिशेबी ते लग्न झालंच नव्हतं, इतकंच त्यात लिहिलंय. तुझ्यासाठी असाच आणखी एक कागद लागेल. दर गुरुवारी वकील येतात. आईला घेऊन ये, पाच मिनिटांचं काम आहे."

मी विचारलं, आईला हे कुणी वाचून दाखवलं होतं का. त्या म्हणाल्या, हाइन्रिकनं. तो तिच्या शेजारी बसून तुमच्या बोलीत बराच वेळ काहीतरी सांगत होता. काय सांगत होता ते त्यांना कळलं नव्हतं. त्यांची बोली निराळी.

मी कॉफी प्याले, त्यांचे आभार मानले आणि निघाले. आमचा राहण्याचा परवाना ऑक्टोबरअखेर संपत होता, आणि सप्टेंबरचा मध्य झाला होता. कॉर्नेलियसला, माझ्या नवऱ्याला, एका गोठ्यावर बारा महिन्यांचं काम कबूल झालं होतं. कामाबरोबर घर. दोन खोल्या, नळ घरात, स्वयंपाकघराला पूर्वेची खिडकी. वसाहतीत आम्हाला वीतभर जमीन नव्हती. दिराच्या अंगणातल्या खोलीत राहायचं आणि दुसऱ्यांच्या मक्यात राबायचं, पुढच्या वर्षीही तेच आणि त्याच्या पुढच्याही. माझा कागद झाला तर मी इथली, आणि माझ्यामागून तो आणि आमची चार वर्षांची लिसबेट. नाही झाला तर परत.

हाइन्रिक मला तंबाखू सुकवायच्या कोठारापाशी सापडला. माझ्याहून सात वर्षांनी मोठा, अंगानं वडिलांसारखा रुंद, हात कोपरापर्यंत पानांच्या चिकानं काळे. मी त्याला विचारलं, त्या कागदावर काय आहे म्हणून आईला सांगितलंस?

"काय सांगणार? सस्कॅचवानची आहेस, तसं लिहिलंय."

"आणि खालची ओळ?"

"खालच्या ओळीचं काय? आईला कुठे इंग्रजी येतं." तो काठीवर पानं ओवत राहिला. "तुला आलं तर बघ केवढा ताप झाला. डॉक्टरांची फरशी पुसता पुसता वकीलच होऊन बसलीस."

मी म्हटलं, तू बाबांना पुसून टाकलंस.

"बाबा आहेत तिथे आहेत. मला पाच पोरं आहेत, ती कुठे असतील ते मला बघायचंय." मग त्यानं आवाज खाली आणला. "हे बघ, नेटा. गुरुवारी तिला घेऊन जा, तोंड मिटून बस, सही झाली की घरी ये. तोंड मिटायचं तुला कुणी शिकवायला नको. सकाळी तासभर कुणाशी बोलत नाहीस ते काय उगीच?"

माझा तो नेम बाप्तिस्म्यापासूनचा. उठल्यावर एक स्तोत्र वाचायचं आणि प्रार्थना होईपर्यंत माणसांशी बोलायचं नाही. घरात सगळे त्यावरून मला हसत, मीही हसत असे. त्या दिवशी मला हसू आलं नाही. मी परत फिरले.

तीन सकाळी मी त्या एकाच गोष्टीवर प्रार्थना केली. आमच्यात शपथ घेत नाहीत. हो म्हटलं की हो आणि नाही म्हटलं की नाही, त्याला देवाचं नाव जोडायची गरज पडू नये असं आम्हाला लहानपणापासून शिकवलेलं असतं. मग काय आहे ते न सांगता आईच्या तोंडून 'हो' वदवून घ्यायचं कसं? आणि सांगायचं तर तेही कसं? तुझ्या थोरल्या लेकानं तुला फसवून लिहून घेतलंय की बाबा तुझे कुणी नव्हते, आता धाकट्या लेकीसाठी डोळे उघडे ठेवून तेच लिहून दे, असं? आई पंचावन्न वर्षांची होती. बाबा गेल्यापासून तिनं काळ्या रुमालाशिवाय डोकं कधी बांधलं नव्हतं.

मला तिसरी एकच वाट दिसली, काही न बोलता परत जाण्याची.

कॉर्नेलियसला सांगितलं तेव्हा तो बुटांची नाडी सोडत होता. तो सोडतच राहिला, आधी एका पायाची, मग दुसऱ्या पायाची. मग म्हणाला, गोठ्याच्या मालकाला उद्या सांगतो, त्याला दुसरा माणूस शोधायला वेळ मिळायला हवा. मला रागाव, असं मी म्हणाले. तो म्हणाला, रागावून झालंय, तू सांगत होतीस तेव्हाच. त्यानंतर त्यानं तो विषय काढला नाही, पण रविवारी उपासनेहून येताना तो त्या गोठ्याच्या रस्त्यानं न येता लांबच्या रस्त्यानं आला.

लोर्नाबाईंना मी फक्त एवढंच सांगितलं की आईला त्रास द्यायचा नाही. कागद तयार करून त्यांनी फाइलमध्ये ठेवून दिला होता, तो त्यांनी फाडला नाही. म्हणाल्या, शेवटच्या गुरुवारपर्यंत तो इथे आहे. सही झाली तर निकाल येईपर्यंत तुमचा परवाना वाढवून मागता येईल.

वसाहतीतले पेटर्स नावाचे एक म्हातारे दर वर्षी हंगाम संपला की आपली मोठी गाडी घेऊन परत जात. शनिवारी सकाळी निघायचं ठरलं, त्यांनी आम्हाला तीन जागा दिल्या. बुधवारी मी आईकडे गेले. आई हाइन्रिककडे राहायची. प्रवासाला निघणाऱ्यासाठी आमच्याकडे दुमजली पाव करतात, मग त्यांचे वरचे-खालचे भाग सुटे करून भट्टीत कडकडीत भाजतात. महिनाभर टिकतात. आईनं पहाटेपासून ते मांडले होते. स्वयंपाकघरभर गोडसर, करपट वास होता. मी बसले आणि भाजलेले पाव उशीच्या अभ्र्यात भरू लागले. माझी भावजय तीना समोर बसून भोपळा किसत होती.

गप्प बसणं तिच्या स्वभावात नव्हतं. शेवटी म्हणाली, घर हातचं घालवलंत ना. नळ होता म्हणे आत.

मी म्हटलं, होता.

"आम्हाला सगळे काय म्हणतात माहितीये? म्हणतात, धाकटी परत चाललीय, कारण तिला लबाडी जमत नाही. म्हणजे आम्ही इथे लबाडीनं बसलोय." किसणी तिनं जोरात ठेवली. "मोठी आलीय पवित्र. ज्यांच्या लग्नाचा प्रश्न त्यांनी सगळं ऐकून घेऊन तीनदा सही केली. लेमिंग्टनला तुमच्या दोघा भावंडांच्या केल्या तेव्हा पेन चालेना, तर दुसरं मागून घेतलं. आणि हिला मात्र आईची लाज राखायचीय."

मी पाव भरायची थांबले. आई भट्टीशी होती, पाठ आमच्याकडे. तिनं वळून पाहिलं नाही.

"तीना," ती म्हणाली, "कोंबड्यांना पाणी आहे का बघ."

तीना उठली. आपण काय बोलून बसलो हे तिच्या तेव्हाच ध्यानात आलं असावं, कारण किसलेला भोपळा ती तसाच उघडा टाकून गेली.

मी विचारलं, "आई, तुला ठाऊक होतं?"

"हाइन्रिकनं ओळ न् ओळ सांगितली होती. मी त्याला दोनदा सांगायला लावली." लांब चिमट्यानं ती एकेक पाव उलटत होती. "एवढा दगड समजतेस होय मला? इंग्रजी येत नाही म्हणजे डोकंही नाही?"

"आणि तरी सही केलीस?"

"तो त्यांचा कागद, नेटा."

मग तिनं ती गोष्ट सांगितली. मला पाठ होती, आम्हा सगळ्यांना पाठ असते. तिच्या आजोबांच्या पिढीला कॅनडानं लिहून दिलं होतं की तुमच्या शाळा तुमच्या, तुमची भाषा तुमची, त्यात आम्ही हात घालणार नाही. त्या लिखाणावर विसंबून त्यांनी ओसाड माळ नांगरला. पुढे सरकारला ते लिखाण नकोसं झालं. पोरं इंग्रजी शाळेत घाला म्हणाले. तिच्या बापानं घातली नाहीत, तर दोन शिपाई येऊन दुभती गाय घेऊन गेले. ती तेव्हा पाळण्यात होती. तीन वर्षांची झाली तेव्हा सगळं गाव आगगाडीत बसून मेक्सिकोला निघालं, आणि तिच्या आईनं, म्हणतात, गाडी सुटताना खिडकीकडे पाठ केली.

"ज्यांना स्वतः लिहिलेलं पाळता आलं नाही," आई म्हणाली, "त्यांच्या कागदावर मी कोण आहे ते त्यांनी हवं तसं लिहावं. माझं लग्न वहीत आहे. ती वही त्यांच्याकडे नाही."

खरं सांगते, पहिल्यांदा माझ्या मनावरचं ओझंच उतरलं. तिला कुणी फसवलं नव्हतं. बाबांना कुणी पुसलं नव्हतं. सहा आठवडे जे मी उराशी धरून बसले होते त्याचं तिला काहीच नव्हतं. आणि मग ते सहा आठवडे माझ्यासमोर उभे राहिले. कॉर्नेलियसचे बूट. लांबचा रस्ता. मांडीवरचा अभ्रा, त्यात आमच्या वाटेचे पाव.

"मग मला का नाही सांगितलंस? मी सामान बांधत होते, तू बघत होतीस."

"तू विचारलं नाहीस."

"तुला लागेल म्हणून नाही विचारलं."

"माहीत आहे मला," आई म्हणाली.

तिनं भट्टीचं दार लावलं, हात पुसले आणि माझ्यासमोर तीनाच्या खुर्चीवर बसली. तिच्या चेहऱ्यावर अपराध्यासारखं काही नव्हतं. लहानपणी मला स्तोत्र पाठ करायला द्यायची तेव्हा असायची, तितकी ती शांत होती.

"मीच हाइन्रिकला सांगितलं होतं, नेटाजवळ बोलू नकोस म्हणून. लेमिंग्टनलाही तेच सांगितलं. तिघं इकडे आली. हाइन्रिकची पोरं आपसांत इंग्रजी बोलतात, मला कळू नये म्हणून. लेमिंग्टनला सुझानानं केस कापलेत, मी गेले की रुमाल बांधते, तिला वाटतं मला दिसत नाही. चौघांतलं एक तरी तिकडे राहावं असं मला वाटलं. मंडळीच्या बाकावर आपल्या घरचं कुणी तरी बसावं. बाबांच्या कबरीवरचं गवत कुणी तरी काढावं." तिनं टेबलावरचा एक चुरा बोटानं टिपला. "मग कोण राहील? मी विचार केला, नेटा राहील. तिला सांगावंही लागणार नाही. तिला फक्त तो कागद दिसला पाहिजे, की ती आपणहून जाईल. आणि निघालीसच की."

भाऊ लबाड आहे हे मला सप्टेंबरात कळलं होतं, आणि त्याचं दुःख करून झालं होतं. तो तर बिचारा आईचा शब्द पाळत होता. हे निराळं होतं. तीन सकाळी मी गुडघ्यावर बसून देवाला वाट विचारली होती, आणि जी वाट मिळाली म्हणून मी डोळे पुसले ती आईनं आधीच आखून ठेवली होती. माझी भक्ती, माझा नेम, माझं गप्प राहणं, सगळं तिला माहीत होतं. बाकीच्या तिघांना तिनं सही दिली. मला तिनं माझ्याच चांगुलपणानं हाकलत नेलं.

आजही मी त्यासाठी क्षमा मागते आणि करते, रोज. पण ते कुठे दुखलं ते मी विसरलेले नाही.

"उद्या गुरुवार आहे," मी म्हटलं. "लोर्नाबाईंनी कागद ठेवलाय. सही करशील?"

आई खिडकीबाहेर बघत राहिली. तीना अंगणात कोंबड्यांपाशी उगीचच उभी होती.

"मागितलीस तर करीन," ती म्हणाली. "तिघांना दिली, तुला नाही कशी म्हणू. पण मागू नकोस, नेटा."

आईचं म्हणणं मी आजवर मोडलं नव्हतं. लग्न कुणाशी करायचं, नेसायचं काय, पोरीचं नाव काय ठेवायचं, काहीच.

"मागतेय," मी म्हटलं.

गुरुवारी दुपारी कॉर्नेलियसनं आम्हाला चर्चपाशी सोडलं. खोलीत लोर्नाबाई होत्या आणि ते वकील, पिकलेल्या मिशांचे, सर्दी झालेले. आईनं रविवारच्या उपासनेला जाताना घालते तो काळा झगा घातला होता. वकिलांनी इंग्रजीतून एकेक प्रश्न विचारायचा, मी आमच्या बोलीत सांगायचं, आईनं उत्तर द्यायचं आणि मी ते इंग्रजीत फिरवायचं, असं ठरलं. हाइन्रिक कामावर होता, दुसरं कोणी नव्हतं.

नाव विचारलं, जन्मस्थान विचारलं, जन्माचं वर्ष विचारलं. मग ते म्हणाले, आगानेटाच्या, म्हणजे माझ्या, जन्माच्या वेळी तुमचं लग्न झालेलं होतं का, ते विचारा.

मी आईकडे पाहिलं. हे वाक्य आपल्या तोंडून तिच्यापुढे कधी निघेल असं मला वाटलं नव्हतं. मी ते कसंबसं विचारलं.

आईनं माझ्यावरची नजर हलवली नाही. "तुला काय उत्तर हवंय ते सांग," ती आमच्या बोलीत म्हणाली. "तेवढंच बोलते."

वकील रुमाल काढून नाक पुसत होते. लोर्नाबाई वाट बघत होत्या. त्यांना वाटलं असेल, प्रश्न नीट समजला नाही.

"नव्हतं झालं, असं," मी म्हटलं.

"नव्हतं झालं," आई म्हणाली.

मी ते इंग्रजीत सांगितलं. मग वकिलांनी मला विचारलं, बोललेलं सगळं तुम्ही खरंखुरं भाषांतर करून सांगितलंत, असं तुम्ही गांभीर्यानं सांगता का? शपथेऐवजी आम्हा लोकांना असं विचारायची तिथे सोय आहे. मी हो म्हटलं. त्या 'हो'त काही खोटं नव्हतं, भाषांतर अगदी बरोबर झालं होतं.

आईनं सही केली. तेवढी ताठ सही मी तिची आधी एकदाच बघितली होती.

बाहेर आल्यावर मी तिचा हात धरायला गेले. तिनं हात काढून घेतला नाही, पण पायऱ्या संपल्या तसा सोडवून घेतला. म्हणाली, पेटर्सना कळवायला हवं, त्यांच्या तीन जागा रिकाम्या होतील. मी म्हटलं, कॉर्नेलियस संध्याकाळी जाऊन सांगेल. ती म्हणाली, दोनच सांग.

शनिवारी सकाळी पेटर्स यांच्या गाडीत आमच्या जागेवर आई बसली. हाइन्रिकनं आधी चेष्टा केली, मग आरडाओरडा केला, मग ट्रंक गाडीतून उतरवून ठेवली. आईनं ती पुन्हा चढवायला सांगितली, त्याला नाही, कॉर्नेलियसला. पोरांना जवळ घेतलं. हाइन्रिक मला म्हणाला, "मिळाला ना तुझा कागद? आता तिला तिकडे एकटीला मरू दे." तीना रडत होती. तिच्या एका वाक्यानं हे सगळं झालं असं तिला वाटत होतं, आणि मी तिला तसं नाही म्हणून सांगितलं.

माझ्याशी आई बोलली ते एवढंच, की लिसबेटला रात्री पायमोजे घालत जा, तिचे पाय गार पडतात. गाडी सुटली. आमच्या सगळ्यांत खरीखुरी कॅनडात जन्मलेली ती एकटीच होती, आणि परत गेली ती तीच.

गोठ्याच्या मालकाला दुसरा माणूस मिळाला नव्हता. आम्ही त्या घरात गेलो. पूर्वेच्या खिडकीपाशी मी सकाळी स्तोत्र वाचायला बसू लागले. मार्चमध्ये टपालानं नागरिकत्वाचं कार्ड आलं, तळहाताएवढं, माझ्या नावाचं आणि आकड्याचं. सोबत अभिनंदनाचं छापील पत्र होतं. या देशाला आपला अभिमान आहे, असं त्यात म्हटलं होतं. कॉर्नेलियसनं ते दोनदा माझ्याकडून वाचून घेतलं आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मला रडू आलं नाही. त्या देशानं माझ्याबद्दल एकच गोष्ट विचारली होती, आणि माझ्या आईला तिच्या लेकीकडून जे ऐकायला लावलं होतं त्यावर ते कार्ड मला दिलं होतं. मी ते कपाटात ठेवलं.

इस्टरनंतर आईचं पत्र आलं. ती आधी इकडे होती आणि मी तिकडे, तेव्हा तिची पत्रं यायची तसंच. दोन पानं, दोन्ही बाजूंनी भरलेली. पाऊस झाला नाही. पेटर्सकडची लाल गाय व्याली. मंडळीत नवे पाळक निवडले, आवाज बारीक आहे पण माणूस चांगला. बाबांच्या कबरीवरचं गवत काढलं, कडेला दगड लावले. लिसबेटला पायमोजे घालतेस ना. रागाचं एक अक्षर नव्हतं. मी खाली खाली वाचत गेले. आधीच्या प्रत्येक पत्राखाली ती 'तुझी आई' लिहायची, त्याहून जास्त काही नाही. या पत्राखाली पूर्ण ओळ होती, तिच्या ताठ अक्षरात, 'गेरहार्ड ब्यूकर्ट यांची विधवा, मार्गारेथा'.

त्याच दिवशी मी उत्तर लिहिलं. पाकिटावरही तेच नाव घातलं, जसंच्या तसं.